घटनेचे फेरफार

पाठ असणे आणि लक्षात असणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण मुलांच्या अभ्यासापुरते धरून चालतो. वास्तविक त्या एक नाहीत. सतराचा पाढा पाठ असतो. थोरल्या आत्याने अडल्या वेळी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या, हे लक्षात असते. पाढा म्हणताना चुकला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणता येतो. पाटल्यांची आठवण मात्र कुणी आपल्याकडून म्हणवून घेत नाही. ती आपणच ठेवायची असते, आणि ठेवली नाही तर आपले माणूसपण तेवढे उणे होते.

नागरिकशास्त्राच्या तासाला हा फरक मला फार जाणवतो. आमची मुले हुशार आहेत. बेचाळिसावी घटनादुरुस्ती कोणती म्हणून विचारा. "१९७६, समाजवादी, धर्मनिरपेक्ष, मूलभूत कर्तव्ये" अशी सरबत्ती होते. बावन्नावी? "१९८५, पक्षांतरबंदी." मुलांनी आकड्यांची गाणी रचली आहेत, बोटांच्या पेरांवर खुणा बांधल्या आहेत. स्पर्धापरीक्षांचे दिवस आहेत; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मागच्या बाकावरची एक मुलगी एकदा उठून म्हणाली, "सर, ही दुरुस्ती झाली तेव्हा नक्की कुणाचे काय झाले?" वर्ग हसला. मला मात्र वाटले, सगळ्या तासात प्रश्न असा हाच एक झाला.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी दुरुस्ती झाली, तिचा क्रमांक एकशे सहावा होता. पाऊणशे वर्षांच्या आत शंभरावर दुरुस्त्या! इतक्या साऱ्या गोष्टी साध्या संसारी माणसाने लक्षात ठेवाव्यात अशी अपेक्षा करणे रास्त आहे काय? त्याला दूध आणायचे आहे, लोकल गाठायची आहे, मुलाची फी भरायची आहे. एकजण म्हणेल, हे वकिलांचे काम, आपण कशाला डोके शिणवा? दुसरा म्हणेल, उत्तम नागरिक व्हायचे तर यादी पाठ करा. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात नागरिक आपली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात ठेवून किल्लीही त्यालाच देतो. दुसऱ्यात कपाट आपल्या घरात असते, पण आत काय आहे ते आपण कधी पाहिलेले नसते.

मग तिसरी वाट कोणती? ती मला आमच्या भागातल्या शेतकऱ्यांकडे सापडली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील कोणत्याही जुन्या घरात जा. ट्रंकेच्या तळाशी पिशवीत गुंडाळलेला सातबारा निघतो. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. जमिनीच्या हक्कात जो जो बदल झाला, वारस लागला, वाटणी झाली, खरेदी झाली, त्याची नोंद तलाठ्याच्या फेरफार-वहीत होते आणि तिचा क्रमांक उताऱ्यावर येतो. आणि एक विशेष पाहा. ज्याचे नाव कमी होते ते पुसून टाकीत नाहीत. त्याला कंस करतात. कंसातले नाव वाचता येते. येथे पूर्वी कोणी होते, एवढे ते मुकाट्याने सांगत राहते.

आता घरातल्या म्हातारीला फेरफाराचा क्रमांक विचारला तर तिला तो सांगता यायचा नाही. पण तो फेरफार कशाचा, हे ती बरोबर सांगते. "हा सासरे गेले तेव्हाचा. हा धाकट्या दिरांना वेगळे काढले तेव्हाचा. हा बंधाऱ्याकडचा तुकडा सावकाराकडून सोडवला तेव्हाचा." तिच्या दृष्टीने प्रत्येक क्रमांकाला माणूस आहे, कारण आहे, आणि काहीतरी आले किंवा गेले आहे. घटनादुरुस्त्या म्हणजे देशाच्या सातबाऱ्यावरचे फेरफार होत. त्या म्हातारीच्या रीतीने वाचल्या तरच त्या समजतात, आणि समजल्या म्हणजे लक्षात राहतात.

रीत सोपी आहे. तीन प्रश्न विचारायचे. आधी काय होते? नंतर काय झाले? आणि कोणाच्या अंगणात? एकसष्टाव्या दुरुस्तीपूर्वी मतदानाला एकवीस वर्षे पुरी व्हावी लागत. १९८९ पासून अठरा पुरली. म्हणजे घरातले कॉलेजात जाणारे पोर मतदार झाले. शहाऐंशीवी दुरुस्ती २००२ सालची. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण तोवर सरकारला दाखवलेली एक दिशा होती. आता तो मुलांचा मूलभूत हक्क झाला. पण ती प्रत्यक्ष अमलात आली १ एप्रिल २०१० रोजी. मधल्या आठ वर्षांत जे पोर सहाचे चौदा वर्षांचे झाले, त्याच्या अंगणात हक्काचे पाऊल पडलेच नाही. नुसती यादी पाठ करणाऱ्याला ही आठ वर्षे दिसत नाहीत. तिसरा प्रश्न विचारणाऱ्याला दिसतात.

क्रमांकावर फार विसंबू नये, याचे आणखी एक कारण आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, ही आपल्या दृष्टीने केवढी गोष्ट! पण दुरुस्त्यांच्या यादीत ती शोधू गेलात तर सापडणार नाही. नवी राज्ये साध्या कायद्याने करता येतात, आणि तशा कायद्याला घटनादुरुस्ती समजू नये असे घटनेतच म्हटले आहे. उलट १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीच्या एका क्रमांकाखाली तीन मोठ्या गोष्टी बसल्या आहेत: मागासवर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा, भाषणस्वातंत्र्यावर घालायच्या निर्बंधांत वाढ, आणि जमीनसुधारणेच्या कायद्यांना संरक्षण. एकाच पिशवीत देणे आणि घेणे दोन्ही. पाठांतराला पिशवी कळते. आतले जिन्नस कळायला गाठ सोडावी लागते.

यातला तिसरा जिन्नस हाती घेऊन मी थोडा पुढे जाणार आहे, कारण तो आमच्या मातीचा आहे.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोतांच्या जमिनी कसणारी कुळे पिढ्यान्‌पिढ्या राबत होती आणि पीक खळ्यावरून उचलून खोताकडे जात होते. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला. तो १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. जमीन ओसाड राहिली, पोटाला चिमटे बसले, पण कुळे हटली नाहीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कुळकायदा केला, पाठोपाठ खोती नष्ट करणारा कायदा केला. आता सुटलो असे कुळांना वाटावे, तोच देशभर दुसरे संकट उभे राहिले. मालमत्ता हा नव्या घटनेतला मूलभूत हक्क होता. त्याच्या आधारे जमीनदार न्यायालयांत गेले, आणि १९५१ च्या मार्चात पाटण्याच्या उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला. कायद्याने कुळाला दिलेले घटना काढून घेते की काय, असा पेच पडला.

पहिली दुरुस्ती आली ती या पेचातून. घटनेला नववे परिशिष्ट जोडण्यात आले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्काच्या आधाराने पाडता येऊ नये, अशी योजना होती. आरंभी त्यात तेरा कायदे होते. दुसरा होता मुंबईचा कुळकायदा आणि सहावा खोती नष्ट करणारा. चरीच्या खळ्यावर जे भांडण सुरू झाले ते दिल्लीच्या पुस्तकात दोन ओळी होऊन बसले. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. सातबाऱ्यावर खोताच्या नावाला कंस झाला आणि कुळाचे नाव वर आले. दुरुस्ती अंगणात उतरते ती अशी.

परंतु हे अर्धेच झाले. मोठ्या जमीनदाराला अडवण्यासाठी जो दरवाजा रुंद केला, त्यातून पुढे आणखी कोण कोण जाणार, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले असेल? १९५५ साली चौथी दुरुस्ती झाली. सरकारने घेतलेल्या मालमत्तेची भरपाई पुरेशी आहे की नाही हे न्यायालयाने तपासू नये, असे ठरले. १९७० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द केला, कारण भरपाईची रीत त्याला रास्त वाटली नाही. सरकारने त्यावर १९७१ साली पंचविसावी दुरुस्ती मंजूर करून घेतली. तिने एकतिसाव्या अनुच्छेदातला एक शब्द बदलला. 'भरपाई' होती, तेथे 'रक्कम' आली.

शब्द केवढासा! पण घरच्या व्यवहारात घालून पाहा. शेजाऱ्याने आपली काचेची बरणी फोडली आणि "भरपाई करतो" म्हणाला, तर त्या म्हणण्यात बरणी आहे, तिची किंमत आहे, आपले नुकसान आहे. "काही रक्कम देतो" म्हणाला, तर त्यात फक्त त्याचा खिसा आहे. एका शब्दात देणाऱ्याचे तोंड आपल्याकडे असते, दुसऱ्यात ते फिरलेले असते.

त्याच १९७० च्या फेब्रुवारीत आमच्या भागात भूसंपादनाच्या अधिसूचना निघू लागल्या होत्या. मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश त्यात आला. भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठच्या जागा. आगरी, कोळी, कराडी मंडळींचे हे सारे जग. न्यायाने बोलायचे तर हे संपादन पंचविसाव्या दुरुस्तीने झाले नाही. ते १८९४ च्या जुन्या इंग्रजी कायद्याने झाले आणि त्यात बाजारभाव द्यायची तरतूद होती. पण भाव धरायचा तो अधिसूचनेच्या दिवसाचा. आणि अधिसूचना व निवाडा यांच्यात वर्षांमागून वर्षे जात. दुरुस्तीने आमच्या शेतकऱ्याचा दर ठरवला नाही. मात्र देशाच्या सर्वोच्च पुस्तकात 'भरपाई'चा दरारा कमी झाला, तो याच वर्षांत झाला, हे विसरून चालणार नाही.

शेवटी १९७८ साली चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली आणि मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला. आणीबाणीत झालेल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीतले पुष्कळसे दुरुस्त करणारी म्हणून ही दुरुस्ती आपण चांगल्या बाजूला मांडतो, आणि ते योग्यही आहे. पण तिच्याच पोटात हेही होते. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढे अनुच्छेद ३०० क मध्ये उरले. आजही घटनेची प्रत उघडा. तिसाव्या अनुच्छेदानंतर एकतिसाव्याचा क्रमांक आहे, पण तेथे मजकूर नाही, वगळल्याची टीप आहे. देशाच्या सातबाऱ्यावरचा हा कंस होय.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, उरण तालुक्यात जासई आणि आसपासच्या गावांचे लोक रस्त्यावर आले. जासईचेच दि. बा. पाटील त्यांचे पुढारी होते. मागणी जमिनीच्या योग्य दामाची होती. पोलिसांचा गोळीबार झाला आणि दोन दिवसांत पाच माणसे मेली. या आंदोलनातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. घटनेच्या कोणत्याही दुरुस्तीत तिचा उल्लेख नाही. पण 'रक्कम' या शब्दाला पुन्हा 'भरपाई'च्या जवळ ओढून आणण्याची ती धडपड होती, असे मला वाटते. तिची किंमत पाच घरांनी दिली.

आता सारी साखळी एकत्र पाहा. ज्या शेतकऱ्याला घटनेतला मालमत्तेचा हक्क वाकवल्यामुळे जमीन मिळाली, त्याच शेतकऱ्याचा मुलगा, तो हक्क वाकता वाकता मोडल्यावर, प्रकल्पग्रस्त म्हणून उभा राहिला. दरवाजा एकच, बाप त्यातून आत आला, मुलगा बाहेर गेला. मग पहिली दुरुस्ती वाईट म्हणावी काय? चरीच्या कुळाला विचारल्याशिवाय तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. चव्वेचाळिसावी चांगली म्हणावी काय? जासईच्या घरांना विचारल्याशिवाय तसेही म्हणता येणार नाही. समजणे म्हणजे निकाल देऊन मोकळे होणे नाही. दोन्ही अंगणे एकाच वेळी डोळ्यांपुढे धरता येणे, म्हणजे समजणे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. आपले वडीलधारे म्हणतात, झाले गेले गंगेला मिळाले. जुन्या दुखण्यांची उजळणी केल्याने मने कडू होतात. सणासुदीला तरी हे कशाला? मला हे मान्य आहे, पण भावाभावांच्या भांडणापुरते. तेथे विसरणे हा मोठेपणा असतो, कारण ज्याला लागले तोच विसरतो. सार्वजनिक वचनाच्या बाबतीत नेमके उलटे होते. ज्याला लागले तो विसरत नाही. ज्याला लागले नाही तो विसरतो, आणि मग विसरण्यालाच समजूतदारपणा म्हणतो. दुसऱ्याच्या जखमेची क्षमा आपण परस्पर करून टाकावी, यात कसला मोठेपणा?

दुसरे असे की, घटना हे आपण सर्वांनी एकमेकांना दिलेले वचन आहे. वचन बदलता येते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलेच होते की घटनासमितीने आपल्या कामावर अखेरचा शिक्का मारलेला नाही. पुढच्या पिढ्यांना बदल करता यावा अशी सोय ठेवली आहे. पण बदललेले वचन बंधनकारक राहते केव्हा? दोन्ही बाजूंना आधीचे काय होते हे माहीत असते तेव्हा. एकाच बाजूला आठवत असेल तर ते वचन राहत नाही, नुसता हुकूम होतो. न्यायालयसुद्धा हे काम एकटे करू शकत नाही. १९७३ साली केशवानंद भारती यांचा खटला तेरा न्यायाधीशांपुढे चालला. तोही मुळात मठाच्या जमिनीचाच. मठाच्या बाजूने पालखीवाला, केरळच्या बाजूने सीरवाई. दोघेही मुंबईचे वकील. संसदेने घटना बदलावी, पण तिचा मूळ सांगाडा मोडू नये, असा निकाल झाला. झाला तो सात विरुद्ध सहा मतांनी. म्हणजे देशाचा सांगाडा एका मतावर तोलला गेला. न्यायाधीश सांगाडा राखतील. पण आत कोण राहत होते आणि कोण निघून गेले, याची आठवण रहिवाशांनीच ठेवायची असते.

आणि रहिवासी आपण आहोत. नवी मुंबईत आपण हजारो कुटुंबे बाहेरून येऊन राहिलो. कर्ज काढले, हप्ते फेडले, घर आपले झाले. यात कोणी गुन्हा केला नाही. पण ज्या इमारतीच्या गच्चीवर आपण कंदील लावतो तिच्याखाली कोणाचे तरी खाचर आहे. त्या खाचराच्या उताऱ्यावर एक नाव कंसात आहे. ते कंसातले नाव वाचता येणे, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी एकशे सहा क्रमांक पाठ करावे लागत नाहीत. आपल्या आयुष्याला भिडलेल्या आठ-दहा दुरुस्त्या घ्याव्यात, प्रत्येकीला ते तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे घरातल्या मुलांना गोष्टीसारखी सांगावीत. गोष्ट झालेली दुरुस्ती सहसा विसरली जात नाही.

पाडव्याच्या दिवशी आपण बळीराजाची आठवण काढतो. त्याच्याकडूनही जमीनच मागितली होती, तीन पावले, आणि रीतसर मागितली होती. त्याने शब्द पाळला आणि सर्वस्व गेले. घेणारा तर साक्षात देव. तरीही हजारो वर्षे शेतकऱ्याच्या घरी ओवाळताना राज्य मागितले जाते ते बळीचे. घेणाऱ्याचा अधिकार आपल्या लोकांनी नाकारला नाही, त्याची देवळेही बांधली. पण देणाऱ्याला ते विसरले नाहीत. कोणतेही पुस्तक न वाचता त्यांनी ही नीती जपली. घटनेचे पुस्तक वाचणाऱ्या आपल्याकडून त्याहून कमी होऊ नये.